आवाज कां बसतो, आणि बसल्यास घरीं काय करावें

एका वर्षीं आपल्या स्नेहसंमेलनाच्या वेळीं घडलेली गोष्ट प्रथम सांगतों. या लेखाचा विषय मला पुस्तकांतून नव्हे, तर त्या गोष्टींतून सुचला. आणि तींत माझी चूकहि होती.

नाटकांत प्रमुख काम करणारा नववींतील एक मुलगा, संमेलनाला बरोबर एक आठवडा असतां, शनिवारीं कबड्डीचा सामना पाहण्यास गेला. त्याला आधींच थोडें पडसें झालेलें होतें. तशांत आपल्या संघाला जोर यावा म्हणून तो दोन तास सारखा ओरडत राहिला. रविवारीं सकाळीं उठला तों आवाज घोगरा. सोमवारीं शाळेंत आला तेव्हां तोंडांतून नुसती हवा येत होती. शब्द म्हणून कांहीं निघेना. नाटक बसविण्याचें काम माझ्याकडे होतें. मीं त्याला घरीं पाठवावयाचें सोडून, "मोठ्यानें नको, कुजबुजत म्हण," असें सांगितलें, आणि सोमवार व मंगळवार दोन्ही दिवस त्याच्याकडून सगळीं भाषणें कुजबुजत म्हणवून घेतलीं. घरच्या मंडळींनीं आपापल्या परीनें उपाय चालविलेच होते. आजीनें मिरीचा तिखटजाळ काढा पाजला, वडिलांनीं पेठेंतून चोखण्याच्या गोळ्या आणल्या, शेजारणीनें लवंग दाढेखालीं धरावयास दिली. बुधवारीं जो थोडासा आवाज उरला होता तोहि गेला. तेव्हां त्याची आई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनीं घसा तपासून एवढेंच विचारलें, "याला बोलावयास कोण लावतें?" दुसऱ्या दिवशीं त्या माउलीनें हा प्रश्न जसाच्या तसा माझ्यापुढें ठेवला, तेव्हां मला उत्तर देतां आलें नाहीं. या लेखास तें उत्तर समजावें.

आतां आवाज निघतो कोठून हें पाहूं. गळ्याच्या पुढल्या भागावर बोट ठेवून आवंढा गिळला, तर एक कठीण उंचवटा वर जाऊन खालीं येतो. यास कंठमणी म्हणतात. याच्या आंत, श्वासनलिकेच्या तोंडाशीं, स्वरयंत्र असतें. आणि त्या यंत्रांत समोरून मागें जाणारे दोन स्वरतंतु असतात. तंतु म्हटलें कीं सतारीची तार डोळ्यांपुढें येते. पण वास्तविक ते तारेसारखे नसून मऊ, ओलसर, मोत्यासारख्या पांढुरक्या रंगाच्या दोन घड्या आहेत. मोठ्या पुरुषांत त्यांची लांबी सुमारें दीड ते अडीच सेंटिमीटर असते, स्त्रियांत त्याहून कमी, आणि तान्ह्या मुलांत तर एक सेंटिमीटरहि नसते. आपण स्वस्थ श्वास घेतों तेव्हां या घड्या एकमेकींपासून दूर असतात. बोलावयाचें मनांत आलें कीं त्या जवळ येतात आणि फुप्फुसांतून येणाऱ्या हवेनें थरथरूं लागतात. पुरुष बोलत असतां ही थरथर सेकंदाला सुमारें १०० ते १३० वेळां होते, स्त्रीच्या बाबतींत सुमारें २०० वेळां, व लहान मुलांत ३०० च्या आसपास. म्हणजे तुमच्या वर्गावरील बाईंचा आवाज एका तासिकेंत निव्वळ वीस मिनिटें चालूं राहिला असें धरलें, तरी तेवढ्यांत त्या दोन घड्या एकमेकींवर दोन लाख चाळीस हजार वेळां आपटल्या. वर्गांत गोंगाट असेल तर त्या अधिक जोरानें आपटतात, हें मागच्या बाकांवरील मंडळींनीं लक्षांत घ्यावें.

हे स्वरतंतु जिवंत माणसांत काम करीत असतांना कसे दिसतात हें जगाला नीट दाखविलें तें एका गायनशिक्षकानें. तो डॉक्टर नव्हता. त्याचें नांव मॅन्युएल गार्सिया. हा जन्मानें स्पॅनिश. १८५४ सालीं त्यानें दांतांचे डॉक्टर वापरतात तसा लांब दांड्याचा एक लहानसा आरसा गरम पाण्यांत बुडवून, कोरडा करून, आपल्याच घशांत पडजिभेशीं धरला, आणि दुसऱ्या आरशानें त्यावर सूर्याचा प्रकाश पाडला. आपलें स्वतःचें स्वरयंत्र उघडतांना व मिटतांना त्याला स्वच्छ दिसलें. पुढल्याच वर्षीं त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें हें निवेदन केलें. तो १८०५ सालीं जन्मला आणि १९०६ सालीं वारला. म्हणजे शंभरी ओलांडून गेला. आज डॉक्टर नाकावाटे बारीक दुर्बीण घालून हेंच दृश्य पडद्यावर पाहतात, परंतु आरंभ झाला तो त्या आरशापासून.

या घड्यांस सूज आली म्हणजे त्या जड होतात, नीट मिटत नाहींत, आणि त्यांच्यांतील फटींतून हवा वायां जाते. म्हणून आवाज जाड, खरखरीत किंवा फाटका होतो; सूज फार असेल तर मुळींच निघत नाहीं. यालाच आपण घसा बसणें, आवाज बसणें असें म्हणतों, व वैद्यकीय भाषेंत स्वरयंत्रदाह म्हणतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांत याचें वर्णन स्वरभेद या नांवाखालीं केलेलें आहे. आणि त्याच्या कारणांत अति उंच स्वरानें बोलणें व मोठमोठ्यानें अध्ययन करणें यांचा स्पष्ट उल्लेख आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीं साऱ्या आळीला ऐकूं जाईल अशा आवाजांत पाठांतर करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें!

सर्वांत नेहमींचें कारण म्हणजे सर्दी-पडसें. नाकाघशांत शिरलेले विषाणु खालीं स्वरयंत्रापर्यंत पोंचतात आणि तेथें दाह उत्पन्न करतात. घसा दुखतो, कोरडा खोकला येतो, बारीक ताप असतो, आणि दोन-तीन दिवसांत आवाज जातो. हा प्रकार बहुधा एक ते दोन आठवड्यांत आपला आपण बरा होतो.

दुसरें कारण ओरडणें. मिरवणुकींतील घोषणा, सामन्यांतील आरडाओरडा, मैदानावर बिगुलाशिवाय दिलेले कवायतीचे हुकूम, हीं सारीं त्यांतच आलीं. शिमग्यानंतर शाळा उघडली कीं निम्मा वर्ग घोगऱ्या आवाजांत हजेरी देतो, याचें रहस्य निराळें सांगावयास नको. एका दिवसाच्या ओरडण्यानें आलेली सूज उतरते. परंतु रोजच्या रोज आवाज ताणला गेला तर स्वरतंतूंच्या कडेवर, हाताला घट्टे पडावे तशा, लहान गांठी येतात. शिक्षक, गवई, कीर्तनकार, भाजीवाले व फेरीवाले यांच्यांत त्या आढळतात. आणि सदोदित किंचाळून खेळणाऱ्या मुलांतहि आढळतात, हें पुष्कळ आईबापांस ठाऊक नसतें.

धूर व धूळ हें तिसरें कारण. चुलीचा धूर, मळणीची धूळ, दिवाळींतील फटाक्यांचा धूर, आणि या सर्वांहून वाईट असा बिडी-सिगारेटचा धूर. ओढणारा एकटाच भोगतो असें नाहीं. त्याच खोलींत अभ्यास करणारें मूलहि भोगतें.

चौथें कारण असें आहे कीं तें सांगितल्यास लोकांस खरें वाटत नाहीं. रात्रीं उशिरां भरपेट व तिखट जेवून लगेच आडवें झालें, म्हणजे जठरांतील आंबट रस अन्ननलिकेंतून वर येतो आणि स्वरयंत्राच्या मागल्या भागास पोळवितो. छातींत जळजळ न होतांहि असें होऊं शकतें. सकाळीं उठल्यावर आवाज जाड, घशांत कांहीं अडकल्यासारखें वाटणें, सारखें खाकरावेंसें वाटणें, आणि दुपारपर्यंत आवाज सुधारणें, अशी लक्षणें असलीं तर घशाच्या औषधापेक्षां जेवणाची वेळ बदलून पाहावी. झोपण्यापूर्वीं निदान दोन-तीन तास जेवण उरकलेलें असावें व उशाकडील बाजू थोडी उंच करावी.

याच ठिकाणीं एक गैरसमज दूर करतों. बारा ते पंधरा वर्षांच्या सुमारास मुलांचा आवाज मध्येंच जाड, मध्येंच चिरका होतो. त्यास कंठ फुटणें म्हणतात. स्वरतंतु लांब व जाड होत असल्याचें तें चिन्ह आहे, रोग नव्हे. त्यावर औषध नको, आणि वर्गांत हंसणेंहि नको.

आतां उपचार. पहिला उपाय मौन, दुसरा उपाय मौन, आणि बाकीचे सर्व त्यांच्या मागून. सुजलेल्या पायानें आपण चालत नाहीं. मग सुजलेल्या स्वरतंतूंस सेकंदाला शंभर-दोनशें वेळां आपटावयास कां लावावें? पहिले दोन-तीन दिवस शक्य तितकें कमी बोलावें. जवळ एक वही-पेन्सिल ठेवावी व जें हवें तें लिहून द्यावें. बोलणें भागच पडलें तर समोरच्याच्या जवळ जाऊन, थोडक्यांत, आपल्या नेहमींच्या पण मृदु आवाजांत बोलावें. दुसऱ्या खोलींतून हांक मारूं नये, वाहनांच्या गोंगाटांत दूरध्वनीवर बोलूं नये. मात्र आठवडेच्या आठवडे कडक मौन धरण्याचीहि गरज नाहीं.

कुजबुजणें म्हणजे विश्रांति असा समज जवळजवळ सार्वत्रिक आहे. मीहि त्याच समजानें त्या मुलाचें नुकसान केलें. प्रत्यक्षांत, ऐकूं जावें म्हणून जोर देऊन कुजबुजतांना पुष्कळ लोक स्वरयंत्राभोंवतींचे स्नायू आवळून धरतात, आणि हा ताण साध्या हळू बोलण्यापेक्षांहि अधिक पडूं शकतो. खाकरण्याचेंहि तसेंच. घसा साफ करण्यासाठीं आपण खाकरतों तेव्हां दोन्ही घड्या एकमेकींवर जोरानें आदळतात, सूज वाढते, आणि पुन्हां खाकरावेंसें वाटतें. खाकरण्याची इच्छा झाली कीं पाण्याचा एक घोट घ्यावा किंवा नुसता आवंढा गिळावा.

पाणी पुष्कळ प्यावें. पण तें कां, हें समजून प्यावें. आपण जें पितों किंवा चोखतों त्यांतील कांहींहि स्वरतंतूंवर पडत नाहीं. गिळतांना स्वरयंत्राचें झांकण बंद होतें व पदार्थ मागच्या अन्ननलिकेंत जातो. पाण्याचा एक थेंब जरी चुकून स्वरयंत्रांत गेला तरी ठसका लागून जीव घाबरा होतो, हा अनुभव सर्वांना आहे. पाणी पोटांतून रक्तांत व रक्तांतून तेथील ओलाव्यांत पोंचतें. म्हणून एकदम तांब्याभर न पितां दिवसभर थोडें थोडें प्यावें. कोमट असो कीं साधें असो, त्यानें मोठासा फरक पडत नाहीं. ज्यानें घशाला बरें वाटेल तें घ्यावें.

यावरून गुळण्यांचीहि योग्यता ठरते. पेलाभर कोमट पाण्यांत अर्धा लहान चमचा मीठ टाकून केलेल्या गुळण्यांनीं दुखऱ्या घशाला आराम पडतो, म्हणून त्या जरूर कराव्या. परंतु त्या स्वरयंत्रापर्यंत पोंचत नाहींत, तेव्हां आवाज लगेच सुटला नाहीं म्हणून निराश होऊं नये. मध घशाला स्निग्धपणा देतो व खोकल्याची उबळ कमी करतो. मात्र एक वर्षाच्या आंतील मुलास मध कदापि चाटवूं नये, त्यापासून अर्भकास क्वचित् पण भयंकर विषबाधा होऊं शकते. खडीसाखर किंवा ज्येष्ठमधाचा तुकडा चघळल्यानें तोंडाला लाळ सुटते व कोरडेपणा जातो. ज्येष्ठमध एकदोन दिवस थोडें घेण्यास हरकत नाहीं, परंतु रोज पुष्कळ घेतल्यास रक्तदाब वाढतो. रक्तदाबाच्या रोग्यांनीं व गरोदर स्त्रियांनीं तें टाळावें. गवती चहा, आलें, तुळस यांचा सौम्य काढा, हळदीचें दूध, यांनीं ऊब मिळते व रोग्याचें मन प्रसन्न राहतें. हें कांहीं थोडें नव्हे. मिरी व सुंठीचा जहाल काढा मात्र नको. सुजलेल्या जागेशेजारीं आग लावून सूज कशी उतरणार?

खरोखर स्वरतंतूंपर्यंत पोंचते ती वाफ, कारण ती श्वासाबरोबर जाते. हवा कोरडी असेल तेव्हां वाफाऱ्यानें बरें वाटतें. परंतु याबाबतींत मी आईबापांस हात जोडून सांगतों कीं, उकळत्या पाण्याच्या तपेल्यावर लहान मुलास चादर पांघरून बसवूं नये. तपेलें कलंडून मुलें भाजल्याचीं उदाहरणें सर्दीपेक्षां कितीतरी दुःखद असतात. मोठ्यांनीं पाणी उकळल्यावर भांडें चुलीवरून उतरवून, जमिनीवर किंवा न डळमळणाऱ्या मेजावर ठेवून, तोंड जरा दूर धरून पांच-दहा मिनिटें वाफ घ्यावी. लहान मुलास हवेच असेल तर न्हाणीघरांत गरम पाणी सोडून, दार लावून, त्याला मांडीवर घेऊन बसावें. पाण्यांत बाम किंवा उग्र तेलें घालण्याची जरूरी नाहीं; कित्येकांना त्यांनीं उलट खोकला सुटतो.

ताप असल्यास वयाच्या मानानें पॅरासिटामॉल द्यावें. मुलांना ॲस्पिरिन देऊं नये. आणि औषधाच्या दुकानांतून, गेल्या खेपेची चिठ्ठी दाखवून, अँटिबायोटिक गोळ्या आणूं नयेत. त्या जंतूंवर चालतात, विषाणूंवर नाहीं. साध्या आवाज बसण्यांत त्यांचा उपयोग होत नाहीं, आणि खरी गरज पडेल तेव्हां त्या निकामी ठरण्याचा धोका मात्र वाढतो.

येथवर घरचे उपाय झाले. परंतु कांहीं प्रसंग असे आहेत कीं तेथें घरगुती उपाय करीत बसणें म्हणजे वेळ घालविणें होय. लहान मुलांची स्वरयंत्राची वाट मुळांतच अरुंद असते. मोठ्या माणसाचा जेथें आवाज बसतो, तेथें तेवढ्याच सुजेनें लहान मुलाचा श्वास कोंडतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला रात्रीं एकाएकीं कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला येऊं लागला व श्वास आंत घेतांना घुर्र असा आवाज होऊं लागला, तर त्याला उभें धरून शांत करावें, रडूं देऊं नये, व डॉक्टरांकडे न्यावें. छातीच्या बरगड्यांमधील जागा श्वासागणिक आंत ओढली जात असेल, लाळ गिळतां येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर क्षणाचाहि विलंब न करतां रुग्णालय गांठावें. आणि चमच्यानें जीभ दाबून घसा पाहण्याचा प्रयत्न घरीं मुळींच करूं नये, त्यानें वाट पूर्ण बंद होऊं शकते.

घशांत करडा, चिकट पापुद्रा व मानेला सूज दिसली तर घटसर्पाची शंका घ्यावी. हा रोग आपल्या देशांतून अद्याप समूळ गेलेला नाहीं. त्यावरील लस सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते: जन्मानंतर ६, १० व १४ आठवड्यांनीं, मग १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, व पुन्हां ५ ते ६ वर्षांच्या वयांत. तान्हेपणीं टोंचून घेतलें म्हणजे संपलें असें पुष्कळ पालक मानतात. वास्तविक १० व १६ व्या वर्षीं धनुर्वात-घटसर्पाची लस पुन्हां घ्यावयाची असते. हीं दोन्ही वर्षें शाळेच्या वयांतलीं आहेत, म्हणून पालकांनीं आपल्या मुलांचीं कार्डें आजच काढून पाहावींत.

मोठ्या माणसांच्या बाबतींत धोक्याची खूण निराळी आहे. ती म्हणजे काळ. घोगरा आवाज तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर तो सर्दीचा नव्हे असें धरून कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावें. तंबाखू, बिडी वा दारू यांचें व्यसन असल्यास, गळ्यांत गांठ लागत असल्यास, किंवा थुंकींतून रक्त पडत असल्यास तेवढीहि वाट पाहूं नये.

या बाबतींत इतिहासांतील एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक, इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा जांवई, याचा आवाज १८८७ च्या जानेवारींत बसला. प्रथम सर्वांना तें साधें पडसें वाटलें. कांहीं आठवड्यांनीं डाव्या स्वरतंतूवर एक लहानशी वाढ दिसली. जर्मन डॉक्टरांना कर्करोगाची शंका आली व मे महिन्यांत त्यांनीं शस्त्रक्रियेची तयारीहि केली. परंतु लंडनहून बोलाविलेल्या मॉरेल मॅकेंझी या नामांकित तज्ज्ञानें काढलेल्या तुकड्यांत कर्करोग दिसून आला नाहीं, म्हणून शस्त्रक्रिया राहिली. नोव्हेंबरांत रोग उघड झाला. १८८८ च्या फेब्रुवारींत श्वासासाठीं गळ्याला छिद्र पाडावें लागलें. ९ मार्च रोजीं बाप वारला व फ्रेडरिक बादशहा झाला, तेव्हां त्याच्यापाशीं आवाज उरला नव्हता. चिठ्ठ्या लिहून त्यानें ९९ दिवस राज्य केलें, आणि १५ जून रोजीं तो मरण पावला. त्या काळची शस्त्रक्रिया त्याला तारतीच असें म्हणवत नाहीं, कारण ती स्वतःच प्राणघातक होती. आज मात्र स्थिति अगदीं वेगळी आहे. स्वरतंतूवरील कर्करोग आवाज लवकर बिघडवून स्वतःची वर्दी देतो, आणि प्रारंभींच सांपडल्यास किरणोपचारानें किंवा लेसरनें बहुतेक रोगी बरे होतात. बादशहाला जें मिळालें नाहीं तें आज जिल्ह्याच्या गांवच्या माणसालाहि मिळूं शकतें, तो वेळेवर गेला तर. तुमच्या घरीं आजोबा किंवा काका महिना-दीड महिना घोगऱ्या आवाजांत बोलत असतील, आणि "बिडीचा घसा आहे, चालायचंच," असें म्हणून विषय टाळत असतील, तर त्यांचा हात धरून त्यांना दवाखान्यांत न्या. नातवाचा हट्ट ते मोडणार नाहींत.

त्या मुलाचें पुढें काय झालें तें सांगून लेख पुरा करतों. गुरुवारपासून तो वही घेऊन गप्प बसला. त्याचें काम आयत्या वेळीं दुसऱ्या मुलाला दिलें. त्यानें भाषणें चुकत-माकत म्हटलीं, व प्रेक्षकांनीं तीं सांभाळून घेतलीं. पडद्यामागून शब्द पुरविण्याचें काम तरी आपणांस द्यावें, असें आमच्या रुग्णानें वहींत लिहून विचारलें. परंतु तें काम म्हणजे कुजबुजणेंच, म्हणून मीं त्याला पडद्याची दोरी दिली. संमेलन आटोपून पांच दिवस झाल्यावर, गुरुवारीं सकाळीं मी हजेरी घेत होतों. त्याचें नांव येतांच मीं संवयीनें मान वर करून त्याच्या हाताकडे पाहिलें. हात खालींच होता. "हजर," असें तो म्हणाला. आवाज थोडा जाड होता, पण त्याचा होता.